पाण्याच्या तीन वह्या

पुण्याला निघालो त्या दिवशी बाबांनी मला गाडी सुटायच्या दीड तास आधी गोंदिया स्टेशनवर आणून उभं केलं. कोल्हापूरची गाडी इथूनच सुटते, डबे रिकामे असतात, तरी बाबांनी आत चढून खिडकीच्या जागेवर आपला गमछा टाकला आणि खाली येऊन उभे राहिले. माझ्याजवळ कागदांची फाईल होती. दहावी, बारावी, इंजिनिअरिंगच्या आठ मार्कशीट, डोमिसाइल, सगळं. मायनं ती फाईल खताच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळून सुतळीनं बांधली होती. गावाहून गोरेगावपर्यंत मोटरसायकल, पुढे एसटी, एवढ्या वाटेत बाबा काही बोलले नव्हते. गाडी हलायच्या आधी खिडकीशी येऊन म्हणाले, "जे येत नाही ते येत नाही मनून सांगजो. मानूस शिकवते. येते म्हनशील, त मंग कोन शिकवल?"

मी मान हलवली. बाबांचं ते एक वाक्य पाळलं असतं तर आज हे लिहायची पाळी आली नसती.

गावाचं नाव लिहीत नाही. गोरेगाव तालुक्यात तलाव असलेली गावं कमी नाहीत, तेव्हा शोधत बसू नका. हे लिहितोय ते गावात बसून मोबाईलवर भरतीच्या जाहिराती पाहणाऱ्यांसाठी. आणि माझ्यासारखे जे निघून आले, दिवाळीत कोणी पगार विचारला की चहा फार गरम असल्यासारखे फुंकत बसतात, त्यांच्यासाठीही. माझ्याकडे सांगण्यासारखी यशोगाथा नाही. जे आहे ते सांगतो.

माझे बाबा गावचे पाणकर. पाणकर म्हणजे तलावाचं पाणी वाटणारा माणूस. आमच्या पूर्वजांनी बांधलेला तलाव आहे, खाली धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं आहेत, आणि पाऊस दगा देतो त्या वर्षी कोणाच्या बांधीत आधी पाणी जाईल, किती वेळ जाईल, हे पाणकर ठरवतो. चाळीस वर्षं बाबांनी हे केलं. भांडण झालं तर बाबा वही उघडायचे. कोणाची पाळी कधी सुरू झाली, कधी संपली, हे त्या वहीत लिहिलेलं असायचं आणि तिथं भांडण मिटायचं. वहीवर कोणी शंका घेतलेली मी तरी पाहिली नव्हती.

इंजिनिअर झाल्यावर मी तीन वर्षं घरीच होतो. काऊन, तर नोकरी नव्हती म्हणून. कॉलेजात कंपन्या आल्या नाहीत, त्यात घरी मायचं ऑपरेशन झालं, आणि बघता बघता माझ्या पासिंगचं वर्ष जुनं झालं. त्या तीन वर्षांच्या वह्या मी लिहिल्या. बाबांचं अक्षर कोंबड्यानं पाय ओढल्यासारखं, म्हणून लोक खूश झाले. पहाटे उठून पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, पाण्याचं दार उघडायला जायचो, दोन भावांच्या भांडणात मधे उभा राहायचो, शेवटच्या बांधीवाल्या सुखदेवकाकांच्या शिव्या ऐकून घ्यायचो आणि तरी त्यांचं पाणी बरोबर द्यायचो. अनुभव म्हणतात तो हाच असेल तर मला चांगला तीन वर्षांचा अनुभव होता. फक्त तो बायोडेटाच्या कुठल्या रकान्यात लिहायचा ते माहीत नव्हतं.

पुण्यात आम्ही चौघं एका खोलीत राहायचो. दिवसा क्लास, दुपारी इंटरव्ह्यू. फ्रेशरला पंधरा हजार आणि दोन वर्षांचा बॉण्ड, पण त्यासाठीही याच वर्षी पास झालेला पाहिजे. नाहीतर अनुभव पाहिजे, किमान दोन वर्षांचा. मी दोन्हीच्या मधे सापडलो होतो. ना नवा, ना जुना. एका ठिकाणी विचारलं, मधली तीन वर्षं काय केलं? मी खरं सांगितलं की वडिलांबरोबर गावच्या तलावाचं पाणी वाटत होतो. समोरच्या मॅडम छान हसल्या, म्हणाल्या, "व्हेरी इंटरेस्टिंग." मग त्यांचा मेल कधी आला नाही. असं अकरा महिने चाललं आणि मायनं दर महिन्याला पाठवलेले पोहे खाताना मला लाज वाटू लागली.

मग खोलीतल्या एकानं एका कन्सल्टन्सीत नेलं. मोबाईलच्या दुकानावरची एक खोली, आत एक सर. त्यांनी माझी फाईल चाळली आणि विचारलं, गॅप किती? मी म्हणालो, तीन वर्षं. सर म्हणाले, "मग अनुभव तीन वर्षं. एवढं सोपं आहे." आठवड्यात माझ्या हातात दुसऱ्या एका शहरातल्या कंपनीचं पत्र आलं, पगाराच्या पावत्या आल्या, नोकरी सोडल्याचा दाखलाही आला. त्या कंपनीत मी कधी पाय ठेवला नव्हता. ती होती की नव्हती हेही मला आजवर कळलेलं नाही. एक हॉस्पिटलचा प्रोजेक्ट पाठ करायला दिला, तो मी पाढ्यांसारखा पाठ केला. पुढच्याच महिन्यात नोकरी लागली. महिना बेचाळीस हजार. गावात बातमी गेली, आणि बाबांनी म्हणे त्या दिवशी पाळीवर आलेल्या सगळ्यांना चहा पाजला.

नोकरी लागली आणि मी अडकलो. माझ्या शेजारी त्याच वर्षी पास झालेली फ्रेशर पोरं बसायची. त्यांचा पगार माझ्या निम्म्याहून कमी, पण ती दिवसभर विचारायची. हे कसं करायचं, ते का चालत नाही, आणि कोणी ना कोणी खुर्ची ओढून त्यांना शिकवायचं. मला विचारता येत नव्हतं. तीन वर्षांच्या माणसाला इतकं साधं कसं येत नाही, असा प्रश्न आला असता. मी कानात हेडफोन घालून बसायचो, त्यात गाणं नसायचं. पहिले पाच महिने पगारातला तिसरा हिस्सा एका अनोळखी माणसाला देऊन त्याच्याकडून फोनवर काम शिकलो. रोज बाबांचं स्टेशनवरचं वाक्य आठवायचं आणि बाबांचाच राग यायचा. हे लिहायला बरं वाटत नाही, पण यायचा.

दुसऱ्याच महिन्यात कंपनीनं माझ्या पत्त्याची चौकशी करायला माणूस पाठवला. मला खबर नव्हती. तो मोटरसायकलवर गावात आला, घराचा फोटो काढला, बाबांची सही घेतली आणि सहज विचारलं, मुलगा आधी कुठं कामाला होता? बाबांना वाटलं, आता पोराचं चांगलं बोलायची संधी आहे. त्यांनी त्याला बसवलं, चहा दिला, आणि फळीवरून तीन वह्या काढून पुढ्यात ठेवल्या. तीन वर्षं माझ्याबरोबर पाण्यावर होता, हे पाहा त्याचं अक्षर. त्या माणसानं आपला कागद पाहिला आणि म्हणाला, इथं तर दुसरीच कंपनी लिहिली आहे. बाबांनी त्याला ठणकावून सांगितलं की ते चुकलं आहे.

संध्याकाळी बाबांचा फोन आला. आवाजात काळजी नव्हती, कर्तव्य केल्याचं समाधान होतं. "तुह्या कागदात चूक हाय. ते तीन वरसं तू घरी होता. साहेबाले सांगून दुरुस्त करून घेजो." मी म्हणालो, हो, करतो. पुढचे पंधरा दिवस मी प्रत्येक मेल उघडताना घामाघूम व्हायचो. पण त्या माणसाच्या फॉर्ममध्ये फक्त पत्त्याचा रकाना असावा, त्याला दिवसात आणखी चार गावं करायची असावीत. काही झालं नाही. त्या दिवाळीत बाबांनी विचारलं, "ते झालं काय दुरुस्त?" मी ताटाकडे बघत हो म्हणालो. त्यानंतर त्यांनी कधी विचारलं नाही.

मला वाटलं, विसरले.

तीन वर्षांनी कंपनी बदलली. पगार दुपटीजवळ गेला, कागदावर माझी सहा वर्षं झाली होती, खरी तीन. पुन्हा चौकशी होणार हे मला या वेळी माहीत होतं, पण बाबांना काय सांगणार? काही बोललो नाही. एका दुपारी त्यांचाच फोन आला. "आला होता मानूस. पत्ता सांगतला. बाकीचं मले माहीत नाही म्हनलं." एवढंच बोलून त्यांनी फोन मायकडे दिला. मी सुटलो म्हणत कँटीनमध्ये जाऊन सामोसा खाल्ला. बाबा असं का बोलले हे मी स्वतःला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर समोरच होतं.

मधे काही वर्षं गेली, माझं लग्न झालं, मुलगी झाली. आता इथं वैशाली येते. आमच्या शेजारची, कॉम्प्युटर इंजिनिअर, पास होऊन दोन वर्षं झालेली. माझ्यापेक्षा हुशार आहे, हे नम्रतेनं म्हणत नाही, तिचं काम मी पाहिलं आहे. नोकरी नाही म्हणून ती घरी, आणि बाबांचे डोळे अधू झाले म्हणून पाण्याची वही आता ती लिहिते. ती मला फोन करायची, दादा, तुमी कसं केलं? मी म्हणायचो, अभ्यास कर, एखादा नवा कोर्स कर, कॉन्फिडन्स वाढव. दोन वर्षं मी तिला हेच सांगत आलो. मागच्या वर्षी एकदा ती म्हणाली, "दादा, तुमालेबी तीन वरसं गॅप होता न? तुमाले भेटली. मंग माह्यातच काही कमी हाय." मी म्हणालो, असं काही नसतं. मग फोन ठेवला.

यंदा दिवाळीआधी गावी गेलो. पावसानं शेवटी ताण दिला होता, धान ऐन भरण्यात होतं, आणि गावात पाण्यावरून तणातणी चालली होती. सुखदेवकाकांचं म्हणणं, अशाच एका कोरड्या वर्षी शेवटच्या बांध्यांना एक जादा पाळी दिली होती, तीच यंदाही द्या. वरच्या बांधीवाले म्हणत, असं कधी झालंच नाही. झालं होतं. ते पाणी मीच सोडलं होतं, मीच लिहिलं होतं. लोक म्हणाले, वही काढा. बाबा म्हणाले, वही नाही, उंदरानं खाल्ली. सुखदेवकाका सगळ्यांसमोर म्हणाले, "चाळीस वरसं नाही खाल्ली, आताच खाल्ली काय?" हे मला वैशालीनं तलावाच्या पाळीवर सांगितलं. मग घरी नेऊन फळी दाखवली. चाळीस वर्षांच्या वह्या ओळीनं लावलेल्या, आणि मधे तीन वह्यांची जागा रिकामी.

मायला विचारलं. ती तांदूळ निवडत होती, हात थांबवले नाहीत. म्हणाली, "त्या पिपात पाह्य. मानूस येऊन गेला त्या वरसापासून तांदरात हायेत."

तांदळाच्या पिपात कोपरापर्यंत हात घातला तेव्हा त्या लागल्या. मायनं त्या पिशवीत गुंडाळून सुतळीनं बांधल्या होत्या, माझ्या फाईलसारख्याच. म्हणजे बाबांना पहिल्याच दिवाळीत कळलं होतं. मी ताटाकडे बघून हो म्हणालो तेव्हाच. ज्या माणसानं पाण्याच्या एका घटकेसाठी सख्ख्या भावाशी वैर घेतलं, तो गावासमोर उंदरांवर खोटं ढकलत उभा होता, माझ्यासाठी. मला रडू आलं. मायनं पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

त्या दुपारी मी वैशालीला सगळं सांगितलं. कन्सल्टन्सी, पावत्या, हॉस्पिटलचा पाठ केलेला प्रोजेक्ट. म्हणालो, तुझ्यात काही कमी नाही, कमी माझ्यात होतं ते मी झाकलं. तिनं विचारलं, "मंग मीबी तसंच करू काय?" मी म्हणालो, करू नको. ती म्हणाली, "तुमी त मनालच. तुमचं झालं न." तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. दोन वर्षं तिला स्वतःवर शंका घ्यायला लावली ते मी. तिला उपदेश करायचा हक्क कुठून आणणार?

संध्याकाळी मी वह्या बाबांपुढे ठेवल्या. म्हणालो, उद्या गावाला दाखवा, आणि मग फळीवर ठेवा. बाबा बराच वेळ त्यांच्यावरून हात फिरवत होते. विचारलं, "अन् कोनी मानूस आला त?" मी म्हणालो, आला तर त्यालाही दाखवा. म्हणालो खरं, पण माझा आवाज मलाच पटला नाही. पुण्यात फ्लॅटचा हप्ता आहे, मुलगी शाळेत जाते. आता कंपन्या पीएफचा जुना हिशेब काढतात, त्यात माझी ती कागदावरची कंपनी सापडणार नाही, म्हणून मी आहे ती नोकरी सोडू शकत नाही, आणि कधी कोण जुनी फाईल उघडेल सांगता येत नाही. माझ्या हाताखालच्या पोरांचे बायोडेटा माझ्याकडे येतात. त्यात तीन वर्षांच्या अनुभवाची तीच ठरावीक ओळ दिसली की मी ती वाचतो आणि पान उलटतो.

दुसऱ्या दिवशी बाबांनी भर सभेत वही उघडली. जादा पाळीची नोंद निघाली. सुखदेवकाकांनी बाबांच्या हाताला हात लावला, आणि शेवटच्या बांध्यांना पाणी गेलं. मी ते पाहून पुण्याला परतलो आणि रेल्वेत पहिल्यांदा नीट झोपलो.

गेल्या आठवड्यात वैशालीचा फोन आला. तिला नागपुरात काम मिळालं आहे, फ्रेशर म्हणून, चौदा हजारांवर. म्हणाली, काही येत नाही तिथलं, रोज विचारून राहिली, शिकवून राहिले लोक. मग म्हणाली, "दादा, निघाच्या आधी माह्याकडची पाण्याची वही द्याले गेलती तुमच्या बाबाकडे. फळीवरच्या तीन वह्या पुन्हा नाहीत."

मला लोक विचारतात, गावी काय उरलं आहे तुझं? शेत वाट्यानं दिलं आहे, माय-बाबा पुण्याला यायला तयार नाहीत. मी काही सांगत नाही. माझी खरी तीन वर्षं तिथं तांदळाच्या पिपात आहेत आणि एक म्हातारा माणूस त्यांची राखण करतो, हे कोणाला कसं सांगणार?

वैशालीला एवढंच म्हणालो, गावी गेलीस की मायला सांग, वह्यांना उंदीर लागू देऊ नको.