पार्ट न्हाई, पोरगी पडलीय

डॉक्टर म्हणाले, "तुमचं हृदय ठणठणीत आहे," आणि मला वाईट वाटलं.

खोटं कशाला सांगू. चिंचवडच्या एका हॉस्पिटलात, कॅज्युअल्टीच्या खाटेवर, छातीला वायरी चिकटवलेल्या, आणि मी मनात म्हणत होते, हार्ट अटॅकच असू दे. अटॅकला कुणी नाटक म्हणत नाही. अटॅक असता तर आमच्या लाइनचे सुपरवायझर शितोळे सर सफरचंदं घेऊन आले असते आणि खाटेशेजारी मान खाली घालून बसले असते. मला ती खाली घातलेली मान बघायची होती.

"मग हे झालं काय?" मी विचारलं.

"पॅनिक अटॅक. तुम्ही सांगताय त्यावरून पहिला नाही. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा."

भेटले. त्या मॅडमनी पूर्ण नाव सांगितलं, पॅनिक डिसऑर्डर. म्हणजे काय ते साध्या भाषेत सांगते, कारण मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. समोर वाघ आला तर शरीर पळायची तयारी करतं. छाती धडधडते, श्वास वाढतो, हातपाय गार पडतात. या आजारात वाघ नसताना तीच तयारी होते. श्वास फार भरभर झाला की बोटांना मुंग्या येतात, बोटं आत वळतात. आपण मरतोय याची पक्की खात्री वाटते. मरत नाही. पण ते त्या क्षणी कुणी सांगून पटत नाही.

मॅडमनी विचारलं, "कामावर काही ताण?"

मी म्हटलं, "वाघ आहे, मॅडम. लाइनवर उभा असतो."

मी चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरिंगचे जुडगे बनवते. लाकडी बोर्ड पट्ट्यावरून सरकत येतो, आपण आपल्या जागेवर ठरलेल्या वायरी बसवायच्या, टेप गुंडाळायची, बोर्ड पुढे. लाइनवर सगळ्या बायका. डोक्यावरून एक पिवळी दोरी गेलेली असते. चूक झाली, पार्ट कमी पडला, तर ती ओढायची. लाइन थांबते आणि एक धून वाजू लागते, गाडी मागे घेताना वाजते तसली, खेळण्यातली वाटणारी. पट्टा पुन्हा सुरू होईपर्यंत ती वाजत राहते.

दोरी ओढणं हा कामगाराचा हक्क आहे, असं भिंतीवर लिहिलंय. शितोळे सरांनी त्या हक्काला एक टोपी शिवली. लाल, लोकरीची, वर गोंडा. ज्या बाईनं लाइन थांबवली तिनं दुसऱ्या दिवशी ती टोपी घालून उभं राहायचं. कँटीनमध्येही. हसायचंही, कारण ती गंमत होती. "आज कुणाला टोपी घालू?" असं ते सकाळच्या मीटिंगमध्ये विचारायचे आणि आम्ही दात काढायचो. एप्रिलच्या उन्हात लोकरीची टोपी घालून घामानं निथळणाऱ्या बाईकडे बघून आम्ही हसलोय.

मग कुणी दोरी ओढेना. पाणी कमी प्यायचं, म्हणजे बाथरूमला जायला बदली बाई मागावी लागत नाही. बोटाला कापलं तर वर टेप. मशीन बिघडलं तर त्यावर 'दुरुस्ती चालू' अशी पाटी लागायची आणि दोन इंजिनीअर त्याच्याभोवती फिरायचे. मशीनचं ब्रेकडाउन, बाईचं नाटक.

मी एका कामगार गटासाठी पत्रकं लिहिते. चाकण चौकात, बसथांब्यांवर वाटते. आठ तासांवर, ठेकेदारीवर मी कितीही लिहू शकते. पण सकाळी कंपनीची बस दिसली की पोटात खड्डा पडतो, यावर घोषणा होत नाही. 'धडधड मुर्दाबाद' असं कोण लिहिणार? म्हणून ते मी कुणाला सांगितलं नाही. झोप उडाली, मी चहाला दोष दिला. जेवण जाईना, मेसला दिला. रस्त्यात कुणाची गाडी मागे येताना ती धून वाजली की माझ्या तळहातांना घाम फुटायचा. त्याला मात्र दोष द्यायला काही सापडेना.

तुमच्या बाबतीत यातलं काही होत असेल तर इथंच थांबा आणि डॉक्टरकडे जा. पुढचं वाचणं नंतर होईल.

तो दिवस पहिल्या शिफ्टचा. मोठी ऑर्डर होती, पट्ट्याचा वेग वाढवलेला. माझ्या छातीत सुरू झालं तेव्हा मला कळलं की नेहमीपेक्षा वाईट आहे. दोरी डोक्यावर होती, हात वर केला की लागत होती. मी वर बघितलं आणि मला टोपी दिसली. मी ठरवलं, चहाच्या सुट्टीपर्यंत काढू. मरतेय असं वाटत असताना माणूस चहाच्या सुट्टीपर्यंत थांबायचं ठरवतो, याला कंपनीत शिस्त म्हणतात.

बोटं वाकडी झाली. वायर पकडता येईना. मी बसले की पडले, आठवत नाही.

माझ्या शेजारच्या जागेवर रंजनाताई असते. लातूरकडची, दोन लेकरांची आई, लाइनवर सगळ्यांत कमी बोलणारी. आजवर तिनं दोरीला हात लावला नव्हता. तिनं ओढली. धून सुरू झाली. शितोळे सर धावत आले आणि त्यांनी जे विचारायचं असतं तेच विचारलं, "कोणता पार्ट?"

"पार्ट न्हाई," रंजनाताई म्हणाली, "पोरगी पडलीय."

तपासण्यांबद्दल लिहिते, म्हणजे तुम्ही घाबरणार नाही. ईसीजी म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख, दुखत नाही. ट्रोपोनिन ही रक्ताची तपासणी. हृदयाच्या स्नायूला इजा झाली असेल तर ते वाढतं. टू-डी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. जेल गार लागतं एवढंच. थायरॉइडही बघतात, कारण ते बिघडलं तरी धडधडतं. छातीत दुखलं तर ताणच असेल असं घरी बसून ठरवू नका. आधी हृदय तपासून घ्या.

माझं सगळं नॉर्मल आलं. बाहेरच्या बाकड्यावर रिपोर्टची वाट बघताना शितोळे सरांचा फोन आला होता. "गॅस झाला असेल, ताई. रिकाम्या पोटी येत जाऊ नका."

आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी रंजनाताईला टोपी घातली.

हे मला एका मैत्रिणीनं फोनवर सांगितलं. नियम तो नियम, असं सर म्हणाले. रंजनाताईनं दिवसभर टोपी घालून काम केलं, घरी जाताना नीट घडी करून टेबलावर ठेवली. ती घडी मला अजून दिसते. जिनं मला उचललं तिच्या डोक्यावर गोंडा. त्या क्षणापासून मी आजारी कमी आणि रागावलेली जास्त होते.

सुट्टी टाकून आईकडे गेले, चाकणपासून जवळच आमचं गाव. आई म्हणाली, "येड्याच्या डॉक्टरकडं कशाला? कुनाची तरी नजर लागलीया." मी म्हटलं, "सुपरवायझरची." तिनं मीठमोहरी उतरवली आणि दुसऱ्या दिवशी गोळ्याही आठवणीनं दिल्या. दोन्ही बाजू धरून ठेवलेल्या बऱ्या, असा तिचा हिशोब. नंतर टोपीची गोष्ट ऐकल्यावर मात्र तिनं म्हशीकडे बोट केलं. "ही दमली की बसती. हिला कोन टोपी घालतंय?"

गोळ्या एसएसआरआय गटातल्या होत्या. मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन असतं, त्याच्यावर त्या काम करतात. लगेच गुण येत नाही, काही आठवडे लागतात. सुरुवातीला मळमळलं, उलट जास्तच अस्वस्थ वाटलं. मी मॅडमना फोन करून म्हटलं, बंद करते. त्या म्हणाल्या, "बरं वाटलं म्हणूनही बंद करायच्या नाहीत आणि वाईट वाटलं म्हणूनही नाहीत. मला विचारून कमी करू." हे तुम्हीही लक्षात ठेवा.

गोळ्यांसोबत समुपदेशन होतं. त्यात एक्सपोजर नावाचा प्रकार असतो, म्हणजे ज्याला घाबरतो त्याच्याजवळ थोडं थोडं जायचं. मी ती धून मोबाइलवर लावून गोठ्यात बसायचे. आधी आवाज बारीक, मग मोठा. हात थरथरायचे, मी सावकाश श्वास सोडायचे, धून संपायची आणि मी जिवंत असायचे. पुन्हा लावायचे. म्हशींना ती धून पाठ झाली असेल.

एका भेटीत मी मॅडमना सांगितलं, "धडधड कमी आहे. पण शितोळे सरांना भर लाइनवर ती टोपी घालावी असं रोज वाटतं. त्याला गोळी आहे का?"

त्यांनी चष्मा काढला. "तुमच्या मैत्रिणीचा अपमान झालाय. त्याचा राग येणं हा आजार नाही. मी त्याला गोळी देणार नाही. त्या रागात तुमची झोप जाणार नाही एवढं बघा."

मी झोपले. आणि राग जपून ठेवला.

कामावर परतायची वेळ आली तेव्हा एचआरच्या मॅडमचा फोन आला. कंपनीत वेलनेस सप्ताह होता, ज्यांना आम्ही माल देतो त्या मोठ्या कंपनीचे पाहुणे येणार होते. मी स्टेजवर येऊन 'तणावावर मी कशी मात केली' ते सांगावं. "पॉझिटिव्ह ठेवा हं. लाइनचा विषय नको. आणि परत आल्यावर तुम्हाला पॅकिंगला हलकं काम देता येईल."

सौदा स्वच्छ होता. तोंड बंद, तर लाइन सुटली. मला लाइनची अजून भीती होती आणि नोकरीची गरज होती. मी हो म्हटलं.

मांडवात फुगे होते. एका प्रशिक्षकानं आम्हाला शिफ्ट संपल्यावर हात वर करून हसायला लावलं. बस चुकणार म्हणून अर्ध्या बायका रडकुंडीला आलेल्या. मग माझं नाव पुकारलं. मांडवात येता येता मी शितोळे सरांच्या टेबलामागच्या खिळ्यावरून टोपी काढून घेतली होती. ती घालूनच मी माइकसमोर उभी राहिले.

आमच्या बायका हसल्या नाहीत. पाहुणे हसले. त्यांना वाटलं, कार्यक्रमाचा भाग आहे.

मी म्हटलं, "मी बरी झाले, कारण मी पडले तेव्हा एका बाईनं दोरी ओढली. तिला बक्षीस म्हणून ही टोपी मिळाली. ज्यांनी दिली त्यांनी वर येऊन सांगावं, तिचा कोणता पार्ट चुकला होता."

पाहुण्यांतल्या एका वयस्कर माणसानं आमच्या प्लांट हेडना हळूच विचारलं, "टोपी म्हणजे?" त्यांनी शितोळे सरांकडे बघितलं. सरांनी खाली बघितलं. कॅज्युअल्टीत मला जी मान हवी होती, ती मला तिथं मिळाली. मी ती पोटभर बघितली. छाती धडधडत होती, बोटांना मुंग्या होत्या, आणि इतकं छान मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

यापुढचं पत्रकात बसणार नाही, पण लिहिते. टोपी दुसऱ्या दिवसापासून दिसली नाही. शितोळे सरांची बदली दुसऱ्या शेडला झाली. शिक्षा नाही, माफी नाही. मला पॅकिंगला टाकलं. आता ते हलकं काम नसून कोपरा होता. आणि रंजनाताई माझ्याशी बोलेना.

मी तिला बसथांब्यावर गाठलं. ती म्हणाली, "माजं नाव घेतलं न्हाईस, पर समद्यांनी माज्याकडंच बघितलं. मला इचारलंस का? टोपी त्यानं घातली एकदा. तू दुसऱ्यांदा घातलीस."

बस आली, ती चढली. तुम्ही कुणासाठी भांडणार असाल तर आधी त्या माणसाला विचारा. हे मला कुठल्या गटानं शिकवलं नव्हतं.

गोळी अजून चालू आहे, कमी केलीय. पॅनिक कधीमधी येतो, मी त्याला बस म्हणते, तो बसतो आणि जातो. आभार मानायचे तर त्या दोन्ही डॉक्टरांचे, समुपदेशकांचे, आईचे आणि म्हशींचे. कंपनीचे नाही. शितोळे सरांना मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. बरं व्हायला माफी लागत नाही, हे मी स्वतः करून बघितलंय.

परवा मी खोके चिकटवत होते. लाइनवरून धून आली. मी सवयीनं श्वास सोडला आणि खांबाच्या आडून बघितलं. पट्टा थांबलेला. नवा सुपरवायझर, कालपरवाचा मुलगा, रंजनाताईसमोर उभा.

"कोणता पार्ट, ताई?"

"मी," ती म्हणाली. "चक्कर आलीया. पानी पिते."

ती स्टुलावर बसली, बाटलीचं झाकण उघडलं. धून वाजत होती, सगळे बोर्ड जागच्या जागी, तो पोरगा हात मागे बांधून उभा. तिनं सावकाश प्यावं असं मला वाटत होतं. मधेच तिनं खांबाकडे, माझ्याकडे बघितलं. हसली नाही. पण बाटली खाली ठेवली, थोडा वेळ बसली, आणि पुन्हा उचलली.