कापूर प्यालेली भुकटी

आयुधपूजेला बेंगळुरूत रिक्षा, शिवणयंत्रं, संगणक, सगळ्यांचीच पूजा होते. आमची प्रयोगशाळा मागे कशी राहील? व्हॅक्यूम पंपाला झेंडू, तराजूला गंध, आणि या खेपेला माझ्या भुकटीच्या बाटलीलाही मान मिळाला.

ही भुकटी म्हणजे धातू आणि कार्बनी रेणू यांची सांगड घालून केलेला, आतून भोकंच भोकं असलेला पदार्थ. हवेतले, पाण्यातले विषारी रेणू त्या भोकांत शिरून अडकतात. निर्वातात तापवून मी ती रिकामी करून ठेवली होती. दसऱ्यानंतर एका रंगाच्या कारखान्याचे मुख्य अभियंते येणार होते. भुकटीनं थिनरची वाफ शोषून दाखवली, तर कारखान्यात चाचणी. नाही तर माझी इतक्या वर्षांची मेहनत कपाटात.

ते येणार त्या सकाळी मी आधी स्वतः करून पाहिलं. काचेच्या पेटीत थिनरचे थेंब टाकले, मग भुकटी ठेवली. वाफ मोजणाऱ्या मीटरचा आकडा ढिम्म. बाटली नाकाशी नेली, तर थेट देवळाचा गाभारा.

आमचं स्टोअर सांभाळणारे अण्णा बनशंकरीचे, माझ्यासारखेच पिढ्यान्‌पिढ्या इथले मराठी. त्यांना हाक मारली.

"अण्णा, ही बाटली कुणी उघडली?"

"मीच, अक्का. झाकण ठेवून पूजा कशी करायची? देवापुढे पडदा ओढून आरती करतो का आपण?"

"आणि कापूर?"

"स्वल्प जाळला. उरलेला तिच्यासमोरच ठेवला. देवाला दिलेलं परत कसं न्यायचं?"

"म्हणजे सुट्टीभर ही उघडी, आणि समोर कापूर!"

"सरी, बरोबर. आज आल्या आल्या मीच झाकण लावलं की," अण्णा म्हणाले. शाबासकीच्या अपेक्षेनं.

भुकटीनं पोटभर कापूर खाल्ला होता. थिनरला जागाच नव्हती. मी ती पातळ पसरून पुन्हा निर्वात भट्टीत घातली. पंपातून कापराची वाफ खोलीत येऊ लागली आणि नेमके तेव्हाच अभियंते दारात उभे राहिले. सवयीनं त्यांनी चपला काढल्या.

"पूजा चाललीय?"

"नाही, सफाई." झाला प्रकार मी सांगून टाकला. लपवणार तरी काय, वास साऱ्या मजल्यावर पसरला होता.

ते हसले नाहीत. खुर्ची ओढून भट्टीसमोर बसले. "सगळे आम्हाला कोरी भुकटी दाखवतात. भरलेली रिकामी कशी होते, ते कुणी दाखवत नाही. वाफ शोषायला आम्ही कोळसा वापरतो, तो भरला की फेकावा लागतो. मी थांबतो."

त्यांना दोनदा कॉफी पाजली. मग भुकटी थंड करून पेटीत ठेवली. मीटरचा आकडा आधी रेंगाळला आणि मग उतरू लागला. अगदी तळाला गेला नाही, पण त्यांना पुरेसा होता.

"अर्धी बाटली द्या. चाचणी घेऊ."

मी भुकटी काढून दिली आणि झाकण घट्ट बसवलं. शुभकार्य म्हणून अण्णा लगबगीनं कुंकवाची वाटी घेऊन आले. मी त्यांचं मनगट वरच्यावर धरलं.

"लावा, अण्णा. पण बाहेरून."