नव्या मशीनवरची जुनी अक्षरं

वऱ्हाड मध्य प्रदेशात होतं तेव्हा अमरावतीच्या टाइपिंग क्लासमध्ये हिंदीचं मशीन होतं. माझी थोरली बहीण त्याच्यावर शिकली. त्या मशीनला 'ळ' नव्हता. मराठी मजकूर आला की ताई तेवढी जागा सोडायची आणि मागाहून पेनानं भरायची. पुढे राज्य बदललं. मराठीला सिंहासनावर बसवण्याविषयी पुष्कळ भाषणं झाली. आमच्या अकोल्याच्या कचेरीत ते सिंहासन खोक्यातून आलं: दुसऱ्याच कंपनीचं, हिरव्या रंगाचं मराठी टाइपिंग मशीन.

मी तिथे आवक-जावक पाहायचो. ताई हंगामी टंकलेखिका होती. वेगाची परीक्षा पास झाली की ती कायम होणार होती, आणि नाही झाली तर धामणगावला सासरी परत जाणार होती. नवरा गेल्यावर त्या घरात तिचं काय स्थान होतं ते तिला ठाऊक होतं. अकोल्यातल्या आमच्या दोन खोल्यांत निदान चहा कधी करायचा हे ती ठरवत असे.

नव्या मशीनवर अक्षरांच्या जागाच वेगळ्या. तिची बोटं 'क'ला जात आणि कागदावर भलतंच उमटे. टपाल तुंबलं तसे आमचे हेडक्लार्क, बडे बाबू, कासावीस झाले आणि त्यांनी अमरावतीहून मिस्त्री बोलावला.

"बाई, मशीन कोन्याबी कंपनीची असो, मले काय त्याचं? तुमची अक्षरं कुठं पायजेत ते सांगा. दांड्याच्या टोकाचे ठसे काडतो, तुमच्या जागेवर डाग देऊन बसवतो, झालं."

"आणि बटणांवरची अक्षरं?" ताईनं विचारलं.

"ते काचेखाली हायेत. काडाले गेलो तं फुटतीन."

"मग राहू द्या. बटणं बघून टाइप करायला मी काय मोठी साहेब आहे?"

बडे बाबू हसले. मिस्त्रीही हसला. दोन दिवसांत मशीन आतून ताईचं झालं, बाहेरून सरकारचं राहिलं. 'ळ'सुद्धा मिळाला. तिचा हात असा चालू लागला की बडे बाबू मसुदे अपुरे पडतात म्हणून कुरकुरू लागले.

महिनाभर मशीन चाललं. त्याचं उद्घाटन मात्र व्हायचं होतं, कारण नागपूरच्या साहेबांना सवड नव्हती. सवड झाली त्या दिवशी मशीनला हळदकुंकू लागलं, झेंडूचा हार पडला, नारळ फुटला. साहेबांनी मायबोलीवर पाऊण तास भाषण केलं, त्यातलं निम्मं इंग्रजीत. ताईनं एक कागद टाइप करून दाखवायचा एवढंच ठरलं होतं. पण साहेब म्हणाले, "पहिलं अक्षर आम्हीच उमटवू."

त्यांनी चष्मा लावला, बटण शोधलं आणि दाबलं. मग दुसरं, तिसरं. 'श्री'च्या जागी एक 'ट', एक तुटका काना आणि टिंब.

"मशीन बिघडलेलं आहे," साहेब म्हणाले.

बडे बाबू हाराकडे पाहत राहिले. तोंड उघडलं ते ताईनं. "नाही साहेब, चांगलं आहे." आणि तिनं तिथेच, उभ्यानं, साहेबांच्या भाषणाच्या पहिल्या चार ओळी टाइप करून दिल्या. एक चूक नाही.

साहेबांनी कागद वाचला, मग बटणं वाचली. "म्हणजे सरकारी यंत्र तुम्ही आपल्या सोयीनं फिरवून घेतलंत?"

"काम व्हावं म्हणून, साहेब."

"यंत्रासारखं माणसानं व्हायचं असतं, बाई."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. उद्घाटन असल्यामुळे कशालाही वाजवायच्याच होत्या.

साहेबांच्या हुकुमावरून तोच मिस्त्री पुन्हा आला. "लावलं तेच काडाले बोलावता, अजब कारभार हाय," एवढं म्हणून त्यानं सारं पूर्ववत केलं. पुढच्या आठवड्यात परीक्षा झाली. खोलीच्या दारातून मला ताईची मान दिसत होती. ती खाली वाकलेली होती, आणि एकेक अक्षर शोधत होती. अर्धा मजकूर राहिला. पुन्हा बसू देण्याचा नियम हंगामी माणसाला लागू नव्हता. मी तिला धामणगावच्या गाडीत बसवून आलो.

काही वर्षांनी वरून परिपत्रक आलं. मराठी मशीनवरच्या अक्षरांची मांडणी पुन्हा बदलली होती; सर्व टंकलेखकांना ती शिकायला पुरेशी सवड द्यावी, तोवर कोणाचाही वेग मोजू नये. मी ते आवकमध्ये चढवलं आणि टेबलाटेबलावर फिरवलं. त्या दिवाळीत धामणगावला गेलो तेव्हा ताई जावेच्या मुलांसाठी करंज्या तळत होती. मी कापसाच्या भावाबद्दल बोललो आणि परत आलो.