आलेखाची डावी बाजू

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. आईला ती माहीत नाही, प्रयोगशाळेतल्या मैत्रिणींना माहीत नाही, आणि ज्या चौघांबरोबर ती घडली त्यांतल्या तिघांना ती चुकीची माहीत आहे. चौथीला — पण तिच्याकडे मी हळूहळू येते. सरळ येणे मला जमणार नाही.

वरवर पाहता ही एका खेळातली गोष्ट आहे. खेळातल्या चुकीचे एवढे काय, असे तुमच्या मनात आले असेल. गेली दोन वर्षे मीही स्वतःला हेच विचारून गप्प करत आले आहे.

मी नवीन पनवेलला राहते, विचुंब्याच्या बाजूला. रसायनशास्त्रात एम.एस्सी. केले आणि तळोज्याच्या एका औषध कंपनीत गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत लागले. आमच्याकडे पहिल्याच दिवशी एक नियम शिकवतात. नकोसे निरीक्षण पुसायचे नाही. चुकलेच असेल तर त्यावर एकच रेघ ओढायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी कारण लिहून सही करायची. आता नव्याने येणाऱ्यांना हा नियम मीच शिकवते. शिकवताना माझा आवाज जराही कापत नाही — हे मुद्दाम सांगते आहे.

दोन वर्षांपूर्वी, उन्हाळ्याच्या अखेरीस मी तो ऑनलाइन खेळ सुरू केला. पाच जणांनी मिळून एका गुहेत उतरायचे; खेळाडू तिला डंजन म्हणतात. आत राक्षसांचे घोळके असतात आणि शेवटी एक महाराक्षस. पाचांपैकी तिघे वार करतात, एक जण सगळ्यांच्या जखमा भरतो — तो हीलर — आणि एक जण सर्वांत पुढे उभा राहून राक्षसांचा राग स्वतःवर ओढून घेतो. तो टँक. गुहेत कधी पाऊल टाकायचे, किती राक्षस एका वेळी अंगावर घ्यायचे, हे टँक ठरवतो. नवे लोक सहसा हे काम घेत नाहीत, कारण टँक चुकला की पाचही मरतात आणि दोष कोणाचा ते सगळ्यांना दिसते. मी पहिल्याच दिवशी तेच निवडले. मला पुढे उभे राहायचे होते. का, ते मला जाणणाऱ्या कोणालाही विचारा.

मला ते येत नव्हते. मी प्रत्येक राक्षसाचा तक्ता केला, कोणता वार किती सेकंदांनी येतो ते पाठ केले, आणि तरी पहिल्या आठवड्यात सगळ्यांना मारत राहिले. लोक न बोलता निघून जात. एक हीलर तेवढी थांबली.

ती मावशी. पूर्ण नाव मी लिहिणार नाही. ती ज्या खेळाडूंच्या गटात होती आणि पुढे मीही आले, तिथे तिला सगळे मावशीच म्हणत. उरणजवळच्या करंजाची, कोळ्याच्या घरातली, वय पन्नाशीच्या अलीकडे. मुलगा बोटीवर नोकरीला गेला तेव्हा त्याचा कम्प्युटर मागे राहिला. मुलगा कुठल्या बंदरात नेट मिळाले की खेळात डोकावत असे, म्हणून ही खेळ शिकली. पुढे त्याचे येणे थांबले, हिचे राहिले. तिचा माइक खारट हवेने खराब झालेला. त्यामुळे ती मला फोन लावून ठेवी. माझ्या एका कानात गटाचा गलका आणि दुसऱ्या कानात एकटी मावशी.

पावसाळ्यात मासेमारीला बंदी असते. बंदीच्या त्या दोन सवडीच्या महिन्यांत तिने मला टँक केले. दुसरा शब्द नाही.

"सगली मासली एकाच फेऱ्यात घ्याची नाय, बाय. जालं फाटलं तर आतली बी जाते," ती म्हणे. मी माझ्या आयुष्याच्या आकड्याकडे सारखी पाहत असे — तो शून्यावर आला की टँक मेला. तिला ते न बघता कळे. "परत खाली बगतेस. तुजा जीव बगाला मी हाय ना? तू फुडं बग." एकदा मी भिंतीऐवजी कड्याला पाठ लावली आणि राक्षसाच्या धक्क्याने सरळ दरीत गेले, तेव्हा ती इतकी हसली, की तिच्या घरातले कोणीतरी काय झाले म्हणून विचारायला आले. "काय नाय, आमची पनवेलची शास्त्रज्ञ बुडली," तिने सांगितले.

तिची एक पद्धत होती. जखमा भरताना हीलरची शक्ती संपत जाते. पडद्यावर ती एक निळी पट्टी असते. मावशी तिला पाणी म्हणे. पट्टी रिकामी होत आली की "थांब, पानी उतरलंय." मग आम्ही सगळे उभे. पट्टी भरली की "भरलं. जा." तिच्या 'भरलं'शिवाय मी पाऊल टाकायचे नाही — हा आमच्या दोघींमधला करार. बाकीच्यांना तो कळतही नसे. त्यांना फक्त दिसे, की ही टँक नेमकी योग्य वेळी थांबते आणि नेमकी योग्य वेळी निघते. माझे कौतुक होई. मी ते घेई.

टँकला हीलर दिसत नाही, हे तुम्हाला सांगायचे राहिले. ती कायम पाठीमागे असते. समोर अक्राळविक्राळ काहीतरी कोसळत असते, आणि मागे कोणी आहे याचा पुरावा एवढाच, की आपले घसरणारे आयुष्य पुन्हा वर चढते. इतक्या निर्धास्तपणे मी दुसऱ्या कुठल्या ठिकाणी पुढे पाहिले आहे? नोकरीत? घरात? मला आठवत नाही.

बंदी उठली. नारळी पौर्णिमा झाली, बोटी गेल्या, आणि मावशी पहाटेपासून उरणच्या बाजारात बसू लागली. त्याच सुमारास आमच्या गटाचा प्रमुख कौस्तुभ याने पहिल्या तुकडीची, म्हणजे गटातल्या सर्वोत्तम पाचांची, निवड जाहीर केली. एका रविवारी दुपारी चाचणी. कठीण डंजन, ठरलेली वेळ, एकच संधी. कौस्तुभ स्वतः वार करणाऱ्यांत असणार होता. टँकच्या एका जागेसाठी आम्ही दोघे होतो. दुसरा तीन वर्षांचा जुना. त्याची चाचणी आधीच झालेली; त्याला लागलेली वेळ मला ठाऊक होती, सेकंदापर्यंत.

शेवटच्या महाराक्षसाआधी दोन घोळके होते. नेहमीसारखे एकेक करून घेतले असते तर वेळेत बसलो असतो. पण त्याच्यापेक्षा कमी वेळेत? नाही. मी हिशेब केला आणि दोन्ही एकदम ओढले. तेवढ्यासाठी माझी ढाल आधीच वापरली. एकदा वापरली की ती दोन मिनिटे परत येत नाही. मावशीने आम्हाला त्यातून जिवंत बाहेर काढले. कसे, ते आजही मला सांगता येणार नाही. तिची निळी पट्टी तळाला गेली.

डाव्या कानात ती म्हणाली, "थांब."

मी चालत राहिले.

"थांब गो बाय, पानी नाय."

मी महाराक्षसाच्या खोलीत पाऊल टाकले.

आठ सेकंद. ढाल नव्हती, आणि मागून काही आले नाही, कारण द्यायला काही उरलेच नव्हते. पाचही मेलो.

इथे थांबले असते तर ही चूक राहिली असती. चुका सगळ्यांच्या होतात. मी तसे सांगितले असते, पुढच्या वेळी उभी राहिले असते. पण कौस्तुभने विचारले, "काय झालं नक्की? तुझ्याकडे नोंद असेल ना?" असणारच. गटात आलेख काढणारी मी. प्रत्येक सेकंदाला कोणी काय केले, खेळ ते लिहून ठेवतो. त्यावरून चित्र काढायला मला दहा मिनिटे लागतात.

मी चित्र काढले. पूर्ण. डाव्या बाजूला सगळे होते — दोन घोळके, वाया गेलेली ढाल, तळाला चाललेली निळी रेघ. ते चित्र मी थोडा वेळ पाहिले. मग डावी बाजू कापली. शेवटचे आठ सेकंद ठेवले, निळी रेघ काढून टाकली, आणि गटाला पाठवले. त्यात टँक मार खात होता आणि हीलर स्वस्थ होती. मी खाली एक शब्दही लिहिला नाही. लिहावा लागला नाही. एक आकडादेखील खोटा नव्हता — हे कौशल्य मी कुठे शिकले, ते वर सांगितलेच आहे.

कौस्तुभ वाईट माणूस नाही. "मावशी बाजारातून दमून आल्या असतील," तो म्हणाला. "आपण त्यांना राखीवमध्ये ठेवू." मला तुकडीत घेतले; जुना टँक फार संथ खेळतो, असे त्याचे आधीपासूनचे मत होते, आणि माझा तर दोष दिसत नव्हता. वेगळा हीलर आला.

संध्याकाळी मावशीचा फोन आला. मला वाटले, ती चिडेल. त्याची तयारी मी केली होती. उत्तरे जुळवली होती. ती चिडली नाही.

"बाय, एक विचारू? मी तुला थांब बोलली ना गो?"

मी पडद्यावरचे ते कापलेले चित्र बंद केले.

"मला वाटतं बोलली. दोनदा बोलली आसं वाटतं. पन तुजा तो कागद बगितला... तू शिकलेली हायस, कागद कशाला खोटा बोलंल? माज्या आयशीचं आसंच सुरू झालेलं. मनात बोलाची आनि तिला वाटाचं, तोंडानं बोलली. सांग तू. आयकलंस तू काय?"

प्रश्न सरळ होता. उत्तर एका शब्दाचे होते. मी दिलेले उत्तर असे — "गलका खूप होता, मावशी. मला नाही ऐकू आलं."

"मंग नसंल बोलली," ती म्हणाली. आणि मला सांभाळून घेत, "तू नको वाईट वाटून घेव."

हा माझा गुन्हा. चित्र कापणे नव्हे — तेही आहेच — पण हा. एका बाईने मला तिच्या शुद्धीचा पुरावा मागितला, तो जगात फक्त माझ्याकडे होता, आणि मी तो दिला नाही.

त्यानंतर ती चार-पाच वेळा आली. राखीवमध्ये बसून राहिली. मग तिच्या नावापुढचा हिरवा ठिपका विझला तो विझलाच. दोन रविवार फोन वाजला. मी वाजू दिला. तुकडीत मी अजून आहे, चांगली टँक म्हणून नाव झाले. आता माझ्यामागे जो हीलर असतो तो तिच्यापेक्षा चपळ आहे. तो मला जिवंत ठेवतो. तेवढेच. महाराक्षसाचे दार उघडायच्या आधी मी अजून क्षणभर उभी राहते आणि डावा कान कशाची तरी वाट पाहतो. तुकडीतले म्हणतात, ही फार शिस्तीची. मी खाली पाहते, माझ्या आकड्याकडे, प्रत्येक वेळी. पुढे पाहायला मला आता जमत नाही.

गेल्या थंडीत एका रविवारी मी स्कूटर काढली. उलव्याची धूळ, द्रोणागिरीकडे वळणाऱ्या कंटेनरच्या रांगा, आणि उरणचा मासळी बाजार. सांगायला गेले होते. वाक्य तयार होते, पूर्ण, क्रियापदासकट. कुठल्या रांगेत बसते ते तिने कधीतरी सांगितले होते. आवाजावरून लगेच कळले. चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. कल्पनेपेक्षा लहान चण, कानात जड सोने, कोयत्याने सुरमई कापताना नजर दुसरीकडेच. तिने विचारले, "काय देव, बाय?"

तिला माझा चेहरा ठाऊक नव्हता. आवाज ठाऊक होता. मी तोंड उघडले असते तर पहिल्या शब्दाला तिने ओळखले असते.

मी बोटाने सुरमई दाखवली.

"कापून देव का आख्खी?"

मी हाताने कापल्याची खूण केली. तिने माझ्याकडे नीट पाहिले आणि तिचा चेहरा मऊ झाला. शेजारणीला हलकेच म्हणाली, "बोलता येत नाय गो हिला." मग मासा उचलून, कल्ले उघडून, लाल रंग मला मुद्दाम सावकाश दाखवला, लहान मुलाला दाखवावा तसा. मी मान हलवली. मासा पाटावर ठेवून तिने कोयता उचलला, आणि थांबली.

"मी विचारलं का गो हिला, कापू का आख्खी?"

"आता तर विचारलंस," शेजारीण हसली. "ध्यान कुठं आसतं तुजं? मुलाच्या बोटीचे दिस मोजत बसतेस."

"खरंच विचारलं ना?"

"आगो हो. खुणेनं सांगितलं तिनं."

मावशीने मान डोलावली आणि कापायला घेतले. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, हे मला कळते. पन्नाशीच्या बाया विसरतात. बाजारात गडबड असते. तिच्या आईचे दुखणे कदाचित तिच्या रक्तातच असेल. यातले माझे किती, हे वेगळे काढण्याची कुठलीही पद्धत माझ्याकडे नाही. तिने ते शेजारणीला दोनदा विचारले, एवढेच मी पाहिले.

तिने तुकडे पिशवीत भरले, वर एक जास्तीचा टाकला, आणि माझ्या हातावर क्षणभर हात ठेवून तो दाबला. ओला, गार, भक्कम हात.

मला बोलता येत होते. मी पिशवी घेतली, स्कूटर सुरू केली आणि पनवेलला परत आले.