टोक नसलेलं दस्तरखान

सातव्या मजल्यावरच्या काकांनी मला मदत केली, हे आधी सांगते. काय झालं ते मागाहून. काका पुण्याचे, कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेले. दुबईत, अल कुसैसमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये लेकाकडे राहायला आले होते. त्यांचा नातू आणि माझी मुलगी एकाच स्कूलबसने यायचे, म्हणून दुपारी आम्ही दोघं खाली लॉबीत, एसीच्या थंडाव्यात, बसची वाट बघत बसायचो. मी रत्नागिरीकडची. आठवीतच शाळा सुटली, लग्न झालं आणि इकडे आले. गणित शिकवणाऱ्या माणसाशेजारी बसायची मला सुरुवातीला धास्तीच वाटायची. आता पाढे विचारतील की काय! त्यांनी पाढे कधी विचारले नाहीत. विचारायचे ते बांगड्याच्या कालवणाबद्दल.

माझी खरी धास्ती वेगळी होती. मुलगी मोठी होत चालली होती आणि मला काही विचारणं कमी करत होती. मी मराठीत बोलायचे, ती इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची, तेवढं चालायचं. पण अभ्यासाचं काही निघालं की ती थेट मोबाइलकडे वळायची. असंच राहिलं तर एक दिवस ही माझ्याशी फक्त जेवणाखाण्याचं बोलेल, असं सारखं मनात यायचं.

एका संध्याकाळी मात्र तिने आपणहून विचारलं. वर्गात टीचरने कोडं घातलं होतं. एका हॉटेलात खोल्या कधी संपतच नाहीत, पण प्रत्येक खोलीत माणूस आहे. नवा पाहुणा आला, त्याला खोली कशी द्यायची? मी भाकरीचं पीठ मळता मळता म्हटलं, "हॉटेल भरलंय ना? मग खलास. शेजारच्या हॉटेलात पाठव त्याला."

"यू वोन्ट गेट इट, मम्मी," ती म्हणाली आणि आत गेली. रागाने नाही, समजुतीने म्हणाली. तेच लागलं.

दुसऱ्या दिवशी लॉबीत मी हे काकांच्या कानावर घातलं. त्यांनी उत्तर दिलंच नाही. उलट विचारलं, रमजानमध्ये तुमच्याकडे इफ्तारला माणसं बसतात कशी? मी सांगितलं, जमिनीवर दस्तरखान अंथरतो, जेवणाची लांब चादर. नवऱ्याच्या कामावरची माणसं अगदी अजानच्या बेताला येतात. कुणी आलं की पहिला सरकतो, म्हणून दुसरा सरकतो, असे सगळे एकेक जागा पुढे होतात. आलेल्याला दाराशी उभं ठेवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. टोकाला, स्वयंपाकघराच्या दाराशी मी असते. जागा संपली की मी उठते.

"आता ते दस्तरखान संपतच नाही असं धरा," काका म्हणाले. "सगळ्या जागा भरल्यात. पाहुणा आला, सगळे एकेक जागा सरकले. उठणार कोण?"

"मीच की."

"तुम्ही कुठे बसलात?"

"टोकाला."

"टोक आहे कुठे, ताई?"

ती चादर लॉबीतून बाहेर पडून शारजाच्या रस्त्याने, पुढे वाळवंटातून चाललेली मला दिसली. ज्याच्याकडे बघावं त्याच्या पलीकडे कुणीतरी होतंच, आणि त्यालाही सरकायला जागा होती. कुणालाच उठावं लागत नव्हतं. शाळेत मला गणित म्हणजे चुकलं की छडी एवढंच ठाऊक. ते इतकं देखणं असतं, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

मग धीर करून विचारलं, अशी चादर खरंच कुठे आहे, की माणसाने मनानेच अंथरली? काका म्हणाले, यावर मोठमोठी माणसं भांडली आहेत. काही म्हणतात ती पहिल्यापासून आहेच, आपण नुसती बघतो. काही म्हणतात, आपण उलगडू तेवढीच ती. गणिताचा सगळा पाया या भांडणात अडकलाय. मी म्हटलं, तुम्हाला काय वाटतं?

"मला माहीत नाही. जन्मभर शिकवलं, तरी नाही."

एवढा शिकलेला माणूस हे किती सहज म्हणाला! कोड्यापेक्षा मला त्याचंच जास्त अप्रूप वाटलं.

संध्याकाळी मुलीला दस्तरखान सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि लगेच अडवलं. एक पाहुणा ठीक आहे, पण न संपणारी बस भरून पाहुणे आले तर? हे काकांनी सांगितलं नव्हतं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "बस, बघूया."

ती बसली. फरशीवर आम्ही लिंबं मांडली. एकेक सरकवून भागेना, पाहुणे संपतच नव्हते. शेवटी मी म्हटलं, बसलेल्यांना मध्ये एकेक जागा सोडून बसवलं तर?

"वेट," ती म्हणाली. "पहिला दुसऱ्या जागेवर. दुसरा चौथ्या. तिसरा सहाव्या..." मधल्या जागा रिकाम्या झाल्या, आणि त्याही न संपणाऱ्या. अख्खी बस बसली. ती माझ्या आणखी जवळ सरकली. "अँड देन, मम्मी?"

हे दोन शब्द ऐकायला मी किती दिवस थांबले होते.

आता ती विचारते. बहुतेक वेळा मला येत नाही, मग आम्ही दोघी काकांना फोन लावतो. त्यांचा व्हिसा संपला, ते पुण्याला परतले. परवा म्हणाले, डोळ्यांचं ऑपरेशन झालं तरी बारीक अक्षर दिसत नाही, वाचन सुटलंय. फोन ठेवल्यावर मला चैन पडेना. मोठ्याने वाचायची मला सवय नाही, अडखळते. पण आता रोज थोडं वाचते. काका, इन्शाल्ला, एखाद्या सुट्टीत मी पुण्याला येईन आणि तुम्ही द्याल ते पुस्तक तुम्हाला वाचून दाखवीन. गणिताचं असलं तरी.