काठीबंदी

माझा बाप पहिल्यांदा पडला तेव्हा त्याला उचलायच्या आधी मी त्याच्यावर ओरडलो. सकाळची वेळ होती. बायकोने नुकतीच ओसरी सारवली होती आणि ओल्या शेणावर त्याचा पाय गेला. तो बसल्यासारखा पडला आणि तसाच बसून राहिला. मी शाळेत जायच्या घाईत होतो. डोळे फुटले का, असे मी त्याला विचारले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, ते खरेच जायला आले होते, हे मला ठाऊक होते. तरी विचारले. मी गावच्या शाळेत मास्तर होतो, आणि पोरांवर खेकसून खेकसून माझा आवाज घरीही खाली येत नसे.

घाटंजी तालुक्यातल्या एका गावातली, साठ सालानंतरची ही गोष्ट. बाप तेव्हा पासष्टीच्या आसपास असेल. गुडघे मात्र ऐंशीचे होते, कारण ते सगळ्या गावाने वापरले होते. चाळीस वर्षे त्याने गावकीचे काम केले होते. कोणी मेले की परगावच्या सोयऱ्यांना सांगायला धावायचे, साहेब आला की त्याच्या घोड्यापुढे पळायचे, पाटलाचा निरोप उन्हातान्हात पोचवायचा. या कामाची खूण म्हणजे काठी. माणसाएवढी उंच आणि वरच्या टोकाला घुंगरे. घुंगरे वाजली की वाटेवरचे लोक बाजूला होत. मान द्यायला नव्हे, विटाळ होऊ नये म्हणून.

छप्पन साली आमच्या वस्तीने दीक्षा घेतली. नागपूरहून परत आल्यावर घरातले देव नदीत गेले, मेलेली ढोरे ओढणे बंद झाले, दारोदार भाकरी मागणे बंद झाले. मग काठीचा विषय निघाला. बैठक भरली आणि शिकलेला मी एकटा, म्हणून ठराव मी लिहिला. 'आजपासून आपल्यातला कोणीही हातात काठी धरणार नाही.' ते वाक्य मला फार आवडले होते. मी ते दोनदा मोठ्याने वाचून दाखवले. कोणती काठी, कशासाठी धरलेली, हे लिहायचे मला सुचले नाही. चोवीस वर्षांच्या माणसाला म्हातारपण कुठून सुचणार? बापाने घुंगरे पाटलाच्या ओट्यावर नेऊन ठेवली, काठीचे कुऱ्हाडीने तुकडे केले आणि ते चुलीत घातले. त्या दिवशी मला त्याचा अभिमान वाटला. आयुष्यात पहिल्यांदाच वाटला, हेही सांगून टाकतो.

ओसरीवर पडल्यानंतर महिनाभरात तो आणखी दोनदा पडला. एकदा न्हाणीच्या दगडावर, एकदा उंबऱ्याला ठेचकाळून. मी दर वेळी चिडलो आणि दर वेळी बायकोने काहीतरी केले. तिने सारवण दुपारवर नेले, म्हणजे तो बाजेवर पडलेला असताना जमीन वाळायची. न्हाणीच्या दगडावरचे शेवाळ विटेने घासून काढले. वाटेतले जाते कोपऱ्यात सरकवले. बाजेपासून न्हाणीपर्यंत खांबांना सुताची दोरी बांधली, ती धरून तो जायचा. दोरी नव्हती तिथे तो भिंतीला हात लावत चालायचा, आणि पांढऱ्या मातीने पोतारलेल्या भिंतीवर त्याच्या तळहाताचा काळपट पट्टा उमटला होता. पाहुणे आले की मला त्या पट्ट्याची लाज वाटे.

घरात ठीक होते. पण माणूस घरात कितीसा मावतो? परसाकडे जायला नाल्याच्या काठावर जावे लागे, आणि तिथे ना दोरी होती ना भिंत. बायको म्हणाली, त्यांना एक काठी आणून द्या. मी तिला ठरावाची आठवण करून दिली. ती ताटात भाकर टाकत होती. वर न बघता म्हणाली, "ठरावाले गुडघे नाई रायत. मामाजीले हायेत."

बापाला काठी एकदा मिळालीही. घाटंजीच्या बाजारात झरीकडचा एक कोलाम आदिवासी धामणीच्या लाकडाच्या काठ्या विकायला बसला होता, त्याच्याकडून आमच्या शेजाऱ्याने ती आणली. कमरेएवढी, सरळ, सोललेली, बाकी काही नाही. बाप ती टेकत दुकानात बिड्या आणायला निघाला आणि मी त्याच वेळी शाळेतून घरी येत होतो. पारावर गावातले दोन-तीन शेतकरी बसले होते. त्यातला एक बापाला पाहून म्हणाला, "काय रे, घेतली का पुन्हा काठी? जाय मंग, पाटलाकडं निरोप हाये, सांगून ये."

लोक हसले. ते हसणे मी गिळले असते. पण बाप वळला. खरोखर वळला, आणि पाटलाच्या वाड्याच्या दिशेने दोन पावले टाकली. मग थांबला आणि खाली बघत उभा राहिला. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, असे पारावरचा दुसरा कोणी म्हणाला, आणि मला वाटले, माझा ठराव, माझी मास्तरकी, नागपूरची वारी, सगळे त्या दोन पावलांत मातीत गेले.

मी त्याच्या हाताला धरून त्याला घरी आणले. घरी आल्यावर म्हणालो की गावाला दाखवायला तमाशा करायचा असेल तर ढोलकीही आणून देतो. तो म्हणाला, पाय आपोआप वळले, मी वळवले नाहीत. मी ऐकून घेतले नाही. ती काठी मी शेजाऱ्याला परत केली आणि बापाला सांगितले की यापुढे काठी दिसता कामा नये.

त्याने माझे ऐकले, असे मला वाटले. श्रावणात एका रविवारी कुंपणाच्या जुन्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या काड्या, काढून नव्या लावत होतो, तर वाळलेल्या काड्यांच्या आत एक काठी सापडली. बोराची होती, वाकडीतिकडी, धारेने नव्हे तर दगडावर घासून सोललेली. त्याने ती आपल्या हाताने केली होती, न दिसणाऱ्या डोळ्यांनी. रोज पहाटे कुंपणातून काढायची, नाल्यापर्यंत टेकत जायचे, परत येऊन लपवायची. कित्येक दिवस तो असा चोरून सरळ चालत होता, आणि त्या दिवसांत एकदाही पडला नव्हता. हे माझ्या ध्यानात यायला हवे होते. मला दिसला तो फक्त लबाडपणा.

मी काठी घेऊन अंगणात आलो. तो बाजेवर बसला होता. बायको दारात उभी होती, दुसरे कोणी नव्हते. त्याला काठी दिसली नसावी, पण मी काय घेऊन आलो ते त्याने ओळखले. तो म्हणाला, "ते काठी गावाची होती. हे माही हाये."

एवढे स्वच्छ वाक्य मी कुठल्या पुस्तकात वाचले नाही. माझा पूर्ण ठराव त्या वाक्यापुढे कचरा होता, आणि ते मला तिथल्या तिथे कळले. कळले म्हणूनच मी जास्त भडकलो. "पाहनाऱ्याले काय समजते?" असे म्हणून मी काठी गुडघ्यावर घेतली आणि मोडली. बोराचे लाकूड चिवट असते. पहिल्यांदा मोडले नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा जोर लावावा लागला, आणि तो बाजेवर बसून ते ऐकत होता. मग मी त्याला म्हणालो, "बा, तुले चालता येत नसन त घरी बस. पन माई मान खाली घालू नको."

बायको मला एरवी टोमणे मारायची. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे तिचे माझ्यासाठी ठरलेले होते. त्या दिवशी तिने नुसते तुकडे गोळा केले आणि ती घरात गेली.

चौथ्या दिवशी तो पडला. रात्रभर झड लागून राहिली होती, आणि आमची काळी माती ओली झाली की चांगल्या जवान माणसाला धड चालू देत नाही. तो एकटाच नाल्याकडे गेला. बायकोने बरोबर येते म्हटले होते, पण परसाकडे सुनेला घेऊन कोण जातो? काठावरून घसरून तो खाली गोट्यांवर गेला. उशीर झाला म्हणून ती पाहायला गेली, तेव्हा तो चिखलात कुशीवर पडलेला होता आणि घाण झालेले धोतर हाताने झाकत होता. मी तेव्हा शाळेत हजेरी घेत होतो. वस्तीतल्या चौघांनी त्याला बाजेवर घालून घरी आणले, मग मला बोलावणे आले.

हाडवैद्याने पाय पाहिला. पाय बाहेरच्या बाजूला वळला होता आणि दुसऱ्यापेक्षा आखूड दिसत होता. खुबा गेला, तो म्हणाला, आता हा माणूस उभा राहायचा नाही. पुढे यवतमाळच्या डॉक्टरनेही वेगळे काही सांगितले नाही.

मग मी कामाला लागलो. नाल्याच्या उतारावर कुदळीने पायऱ्या खोदल्या, त्यांवर मुरूम टाकला, दोन्ही बाजूंना खुंट ठोकून बांबूचा कठडा बांधला. वस्तीतल्या म्हाताऱ्यांची फार सोय झाली. वरातीमागून घोडे निघाले होते आणि लोक घोड्याचे कौतुक करत होते. बैठक बोलावून मी ठरावही बदलला: म्हाताऱ्या माणसाने आधाराला काठी घ्यायला हरकत नाही. लोक म्हणाले, बापाच्या दुःखाने मास्तर शहाणा झाला. मी घरी येऊन ही बातमी बापाला सांगितली. तो बरे झाले म्हणाला आणि पाणी मागितले.

तो पाच महिने बाजेवर होता. पाठीला फोड आले, फोडांच्या जखमा झाल्या, जखमांना वास येऊ लागला. सगळे बायकोने काढले. मी त्याचे एक बोट धुतले असेल तर शपथ. मला ते पाहवत नसे, असे मी सांगत असे. खरे म्हणजे त्याचे पाय मला पाहवत नसत. चाळीस वर्षे पळलेले पाय महिन्या-दोन महिन्यांत काडीसारखे झाले.

माझी धाकटी बहीण महागावकडे दिली होती. पौषात ती आली. बाळंतपणामुळे तिला आधी येता आले नव्हते. तिने बापाला पाहिले आणि बाजेच्या खुराशी बसून रडली. मग नाक पुसून तिने नेमका तोच प्रश्न विचारला, "बा, तुले कोनी एक काठी नाई देली?"

मी दारात होतो. बायको फडके पाण्यात बुडवत होती, तिचा हात थांबला. मला वाटले, आता खरे बाहेर येणार. चारचौघांत नाही, निदान बहिणीसमोर तरी येणार. मी तयारही होतो, किंवा तयार आहे असे मला वाटत होते.

बाप म्हणाला, "मास्तर त लय मांगं लागला होता, काठी घे म्हने. म्याच आयकलं नाई."

बहिणीने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. लाज वाटली नाही, सुटल्यासारखे वाटले. लाज नंतर आली, आणि आली ती गेली नाही.

बहीण दोन दिवस राहिली आणि दोन्ही दिवस तिने त्याला बोल लावले. भाऊ एवढे सांगत होता तर का ऐकले नाही, जन्मभर गावाचे ऐकले आणि पोटच्या पोराचे ऐकताना कमीपणा वाटला का, आता सगळ्यांच्या जिवाला घोर लावून पडलास. ती मायेनेच बोलत होती. आमच्याकडे माया अशीच बोलते. तो भिंतीकडे तोंड करून ऐकत होता, मधून मधून हो म्हणत होता. बायकोने दोनदा माझ्याकडे पाहिले. मी शाळेच्या वह्या तपासत बसलो.

माघात तो गेला. बहीण आता स्वतः म्हातारी आहे. सण-समारंभाला सगळे जमले की ती नातवंडांना आजोबांची गोष्ट सांगते. माणूस चांगला होता, पण फार हट्टी, कोणाचे ऐकून म्हणून घ्यायचा नाही, त्याच्या हट्टापायी माझ्या भावाने फार सोसले. पोरे माझ्याकडे आदराने बघतात. मी अजून मान हलवतो.