दात घासायची मिश्री

आमच्या शाळेच्या फाटकापासून शंभर यार्डांवर रस्त्यावर एक पिवळी रेघ आहे. रेघेच्या आत तंबाखू विकायची नाही. ती रेघ मीच उभी राहून मारून घेतली. घनसावंगीजवळच्या या शाळेत मी बरीच वर्षं शिकवते आहे आणि तंबाखूमुक्तीची शपथ मुलांकडून दरवर्षी मीच म्हणवून घेते. शपथेच्या दिवशीसुद्धा सकाळी मोरीजवळ बसून माझी दहा मिनिटं मिश्री लावून झालेली असायची. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, डबीत भरायची आणि बोटानं दातांना चोळायची. मला त्यात काही खोटं वाटायचं नाही. तंबाखू खातात ते पुरुष, आपण दात घासतो. दिवसातून पाच वेळा दात कोण घासतं, हा प्रश्न गणित शिकवणाऱ्या बाईला कधी पडला नाही.

नवरा चुना लावून तंबाखू खायचा. त्याच्या गालात आतून पांढरा चट्टा दिसला, तेव्हा दातांच्या डॉक्टरांनी आम्हाला जालन्याला पाठवलं, तंबाखू सोडवायचा सल्ला देतात तिथं. जीपमध्ये अंबड येईपर्यंत मी त्याला बोलत होते. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, हे तर मी चार लोकांना ऐकू जाईल असं म्हटलं.

तिथली समुपदेशक माझ्या एखाद्या जुन्या विद्यार्थिनीच्या वयाची होती. तिनं नवऱ्याला विचारलं, "काका, सकाळी उठल्यावर पहिली तंबाखू किती वेळानं?"

"चहा झाला की. अर्धा तास धरा."

तिनं समजावून सांगितलं. उठल्यावर जितकी लवकर लागते, तितकी मेंदूला निकोटीनची सवय पक्की झालेली असते. ही खोड नाही, आजार आहे, आणि त्याला उपचार आहेत. नवऱ्याला तिनं चघळायच्या गोळ्या कशा वापरायच्या ते दाखवलं. मग माझ्याकडे वळली. "आणि काकू, तुम्ही?"

"मला सुपारीचं बी व्यसन न्हाई," मी म्हणाले.

नवरा खिडकीबाहेर बघत बसला. चहा लांबच, डोळे नीट उघडायच्या आधी माझा हात डबीकडे जातो हे त्याला पक्कं माहीत होतं. इतका वेळ बोलणी खाऊनही तो गप्प राहिला, याचा मला आजही राग येतो.

त्यानंतर महिन्याभरात लेक सातव्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी आली. तपासणीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळाची वाढ कमी आहे. मग विचारलं, तंबाखू, मिश्री काही? लेकीनं खाली मान घालून हो म्हटलं. बाई रागावल्या नाहीत. बाळ वाढत नाही त्याला मिश्रीही कारण असू शकते, आजपासून पूर्ण बंद करा, एवढंच म्हणाल्या.

लेकीला मिश्री मीच लावली होती. सहावीत असताना तिची दाढ ठणकत होती. मी माझ्या बोटानं चिमूटभर तिच्या हिरडीवर चोळली. ठणका थांबला. दुसऱ्या दिवशी दाढ दुखत नसताना तिनं स्वतः मागितली आणि मी दिली. मला उलट बरं वाटलं होतं, पोरगी मोठी झाली म्हणून.

घरी आल्यावर ती म्हणाली, "आई, तू सोडली तर मी सोडते. घरात डबी दिसली तर मला न्हाई राहवणार."

मी तिच्यासमोर डबी उकिरड्यावर रिकामी केली. नवऱ्याच्या पुढच्या खेपेला समुपदेशक मुलीला सगळं खरं सांगितलं. मिश्रीशिवाय पोट साफ होत नाही, डोकं धरतं, वर्गात पोरांवर विनाकारण खेकसते, हेही सांगितलं. ती म्हणाली, तलफ येते, चढते आणि पाच-दहा मिनिटांत उतरते. तेवढा वेळ जागेवरून उठायचं, पाणी प्यायचं, बडीशेप तोंडात टाकायची. लेकीला औषध द्यायचं नाही, तिला सोबत द्यायची.

नऊ दिवस मी सोबत दिली. दहाव्या दिवशी दुपारी शेजारणीकडून कागदात बांधून थोडी मिश्री आणली आणि मागच्या मोरीत जाऊन बसले. पहिलं बोट दातांवर फिरलं आणि सगळं अंग सैल झालं. इतकं सुख मला बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

"आई, काय करून राह्यली?" लेक दारात उभी होती.

तोंड भरलेलं, मला बोलता येईना. ती भांडेल, रडेल, बापाला हाक मारेल असं वाटलं. तिनं कागदाकडे पाहिलं आणि तळहात पुढे केला.

"मला बी दे थोडी. लई डोकं दुखून राह्यलं."

मी कागद मोरीत उलटा केला, वर तांब्याभर पाणी ओतलं आणि चूळ भरली. मग तिला बाहेर पायरीवर घेऊन बसले. दोघींनी बडीशेप चघळली. ती चिडचिड करत होती, मीही करत होते. तलफ उतरायला त्या दिवशी दहा मिनिटांहून पुष्कळ जास्त वेळ लागला.

बाळ वेळेवर झालं, वजनानं थोडं कमी, पण धडधाकट. लेक अजून मिश्रीला शिवलेली नाही, मीही नाही. नवऱ्याचं चालू-बंद चालू-बंद सुरू आहे, तो खेपा घालतो. लेक सासरी सगळ्यांना सांगते, आईनं माझ्यासाठी हातातली मिश्री मोरीत ओतली. ऐकून मी गप्प बसते.

कारण तिनं हात पुढे केला तेव्हा माझ्या मनात आलं ते असं: कागदात दोनच चिमट्या राहिल्यात, हिला दिली तर संध्याकाळी मला काय? बाळ त्यानंतर आठवलं. मधे फार वेळ गेला नसेल, पण गेला. समुपदेशक मुलीला मी हे सांगितलं, लेकीला सांगायचं धाडस झालं नाही. आता ती हे वाचेल तेव्हा तिला कळेल, की त्या दुपारी आईला आधी मिश्री दिसली आणि मग ती.